एका आजीचे माहेर

स्मरणिकेसाठी इतिहासावर काही तरी लिहून द्या, असा संपादिकाबाईंचा निरोप आला, तेव्हा मी जिजाबाई किंवा अहिल्याबाई यांच्यापैकी कोणावर तरी लिहीन अशीच त्यांची अपेक्षा असणार. ती मी पुरी करीत नाही, याबद्दल आरंभीच क्षमा मागते. झाले असे की, गेल्या पावसाळ्यात आपल्या बुधवारच्या वाचनवर्गात मी एका तुर्की बाईने आपल्या आजीवर लिहिलेल्या पुस्तकाची हकीकत सांगितली होती. ऐकून झाल्यावर शेजारच्या एक वहिनी अगदी सहज म्हणाल्या, "अहो, पण शंभर वर्षे होऊन गेली की त्याला! मारणारे गेले, मेलेलेही गेले. आता तिथल्या सरकारने हो म्हटले काय नि नाही म्हटले काय, कोणाला काय फरक पडतो?" वर्गातल्या पुष्कळजणींना ते पटले. मलाही त्या क्षणी उत्तर सुचले नाही. तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. हा लेख म्हणजे त्या वहिनींना उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

ज्या लोकांची ही कथा, ते आर्मेनियन आपल्याला अगदीच परके नाहीत. मुंबईच्या कोटात जुन्या मेडोज स्ट्रीटवर त्यांचे १७९६ साली स्थापन झालेले चर्च आहे. कलकत्त्याचे तर १७२४ चे. मोगलाईपासून हे लोक आग्र्याला, सुरतेला व्यापार करीत आले, आणि त्यांच्या भाषेतले जगातले पहिले नियतकालिक १७९४ साली निघाले ते आपल्या मद्रास शहरात. मूळ घर मात्र दूर, आरारात पर्वताच्या आसपासच्या डोंगराळ मुलखात. त्या मुलखाचा मोठा भाग आज पूर्व तुर्कस्तानात मोडतो. धर्माने ते फार प्राचीन ख्रिस्ती. तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात ते कित्येक शतके प्रजा म्हणून राहिले. कोणी शेतकरी, कोणी सोनार, कोणी गवंडी, कोणी सावकार. कत्तली त्यांनी पूर्वीही सोसल्या होत्या, १८९४ ते १८९६ मध्ये आणि पुन्हा १९०९ साली अदाना येथे. पण १९१५ साली जे झाले त्याची जात निराळी होती.

१९१४ चे महायुद्ध सुरू झाले आणि उस्मानी साम्राज्य जर्मनीच्या बाजूने त्यात उतरले. पूर्व सरहद्दीवर सारिकामिश येथे रशियाशी गाठ पडली, तीत त्यांच्या फौजेचा बर्फात धुव्वा उडाला. पराभवाचे खापर कोणाच्या तरी माथी फोडावे लागते. ते आर्मेनियनांच्या माथी फुटले. सरहद्दीपलीकडचे आर्मेनियन रशियाच्या फौजेत होते, अलीकडचेही काही तरुण त्यांना जाऊन मिळाले होते, व्हान शहरात आर्मेनियनांनी शस्त्र उचलले होते. हे सारे खरे आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण त्याची शिक्षा सरहद्दीपासून शेकडो कोस दूर असलेल्या गावातल्या म्हाताऱ्यांना आणि पाळण्यातल्या पोरांना द्यावयाची, याला युद्धशास्त्रात काही नाव नाही.

२४ एप्रिल १९१५ च्या रात्री राजधानीत, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, दोनशेहून अधिक आर्मेनियन संपादक, कवी, डॉक्टर, वकील आणि शिक्षक यांना घरांतून उचलून नेण्यात आले. त्यांतले बहुतेक परतले नाहीत. परतलेल्यांपैकी एक कोमितास नावाचे धर्मगुरू. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणारी मंडळी झाली ना, तसे ते खेडोपाडी हिंडून नांगरणीची, लग्नाची, अंगाईची गाणी टिपून घेत. ते जिवंत सुटले, परंतु मनाने त्यातून उठले नाहीत. १९३५ साली पॅरिसजवळच्या रुग्णालयात वारले. टिपून ठेवलेल्या गाण्यांची कितीतरी बाडे नाहीशी झाली, ती झालीच. त्या रात्रीच्या यादीत बाई एकच होती, कादंबरीकार झाबेल येसायान. अदानाच्या कत्तलीनंतर तिथे स्वतः जाऊन अनाथ मुलांमध्ये काम करून तिने जे पाहिले ते लिहून ठेवले होते, आणि हाच तिचा गुन्हा असावा. ती पोलिसांच्या हाती लागली नाही. लपतछपत बल्गेरियात पोहोचली.

मग २७ मे रोजी हद्दपारीचा कायदा झाला. गावोगावी एकच पद्धत. पुरुष निराळे काढावयाचे आणि गावाबाहेर नेऊन संपवावयाचे. बायका, मुले आणि म्हातारे यांना पायी सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-एझ-झोरच्या दिशेने हाकावयाचे. वाटेत लूट, भूक, तहान, रोग आणि पळवापळवी. मेलेल्यांचा आकडा अभ्यासक दहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत धरतात. 'जेनोसाइड' हा शब्द तेव्हा जगात नव्हता. तो राफाएल लेमकिन या पोलंडमधल्या यहुदी कायदेपंडिताने १९४४ साली बनविला, आणि तो बनविताना त्याच्या डोळ्यांपुढे आर्मेनियनांचेही उदाहरण होते. आपण त्याला वंशसंहार म्हणू.

आता नाकारण्याची गोष्ट. युद्ध संपल्यावर आरंभी तिथल्या सरकारने हे नाकारलेच नव्हते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. युद्ध हरल्यावर तुर्कांच्याच सरकारने इस्तंबूलमध्ये लष्करी न्यायालय बसविले, साक्षी घेतल्या, तारा वाचल्या. एका तालुक्याच्या अधिकाऱ्याला एप्रिल १९१९ मध्ये भर चौकात फाशी झाली. गृहमंत्री तलत पाशा आणि युद्धमंत्री एन्व्हर पाशा जर्मनांच्या मदतीने पळाले होते; त्यांना जुलै १९१९ मध्ये गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा सुनावली गेली. म्हणजे पहिला निवाडा शत्रूने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या न्यायासनाने दिला होता.

पुढे वारे फिरले. देशाचे तुकडे पाडावयास विजेते टपलेले, ग्रीक फौज आत शिरलेली. तुर्कांचा स्वातंत्र्यलढा उभा राहिला, यशस्वी झाला आणि १९२३ साली प्रजासत्ताक आले. त्या लढ्याचे मोल मी कमी लेखीत नाही. परंतु त्यातली कितीतरी माणसे जुन्याच मंडळींपैकी होती, आणि नव्या राष्ट्राला आपले आईबाप निष्कलंक हवे होते. फाशी गेलेला तो अधिकारी १९२२ साली राष्ट्रीय हुतात्मा ठरला. १९२३ च्या लोझानच्या तहात आर्मेनियनांचे नावसुद्धा नाही. तलत पाशाला १९२१ मध्ये बर्लिनमध्ये एका आर्मेनियन तरुणाने गोळी घातली होती; १९४३ साली त्याच्या अस्थी जर्मनीहून सन्मानाने इस्तंबूलला आणून पुरण्यात आल्या. न्यायालयाचा निकाल कपाटात गेला आणि त्याच्या जागी सरकारी म्हणणे आले ते असे: युद्धकाळातले स्थलांतर होते, थंडी, साथी आणि दुष्काळ यांनी माणसे मेली, मुसलमानही तितकेच मेले, कोणाचा वंश बुडविण्याचा हेतू नव्हता. मुसलमान प्रजेचेही त्या युद्धात अतोनात हाल झाले यात शंका नाही. पण एकाचे मरण दुसऱ्याच्या मरणाची पावती कशी होऊ शकते?

आणि सरकारजवळ आकडे नव्हते असेही नाही. तलत पाशाची एक काळी वही होती. ती त्याच्या विधवेने, हायरिये हानुम यांनी, वर्षानुवर्षे जपून ठेवली आणि मरणापूर्वी एका तुर्की इतिहासलेखकाच्या हाती दिली. ती २००८ साली छापली गेली. तीत गृहमंत्र्यांच्याच नोंदीप्रमाणे १९१४ साली आर्मेनियन होते बारा लाख छप्पन हजार आणि १९१७ साली उरले दोन लाख चौऱ्याऐंशी हजार. मधले नऊ लाख बहात्तर हजार कुठे गेले ते वहीत लिहिलेले नाही. नवऱ्याच्या कपड्यांबरोबर त्या बाईंनी ही वही सांभाळली असेल, उघडून पाहिली असेल का, असे माझ्या मनात सारखे येते.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येते. नाही म्हटल्याने काय फरक पडतो?

अगदी घरगुती गोष्ट घ्या. नवरा गेल्यावर विम्याचे पैसे मिळण्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो, आणि तो मिळविण्यासाठी कचेऱ्यांचे हेलपाटे ज्यांनी घातले त्या भगिनींना त्याची किंमत सांगावयास नको. त्या वेळी पुष्कळ आर्मेनियनांनी अमेरिकन कंपन्यांकडे आयुष्याचे विमे उतरविले होते. अमेरिकेचे राजदूत हेन्री मॉर्गेन्थाऊ यांनी १९१८ साली छापलेल्या आठवणींत सांगितले आहे की, तलत पाशाने त्यांच्याकडे या विमेदारांची यादी मागितली. कारण हे लोक जवळजवळ सगळे मेलेले, वारस उरले नाहीत, तेव्हा पैसे सरकारजमा व्हावेत! राजदूत संतापून उठून गेले. पण पहा कसे आहे: पैसे मागावयाचे तेव्हा ती माणसे मेलेली, आणि जाब विचारला की ती नुसती 'हलविलेली'. वाचलेल्यांनी दाखला कोणाकडून आणावा? त्या एका कंपनीशी वारसांचा निवाडा झाला तो २००४ साली, दोन कोटी डॉलरांवर. ज्यांच्या नावाने हप्ते भरले होते त्यांची तोवर पणतवंडे झाली होती.

दाखल्यावरून मला माझ्या आजोळच्या शिळेची आठवण होते. सातारा जिल्ह्यातल्या त्या गावी चावडीच्या भिंतीत इंग्रज सरकारने बसविलेला एक दगड आहे. १९१४ च्या महायुद्धाला या गावातून किती जण गेले आणि किती मेले, एवढेच त्यावर लिहिलेले आहे. लहानपणी आम्ही त्याच्यावर खडूने रेघोट्या ओढीत असू. पुढे वाचनात आले की, मेसोपोटेमियाच्या स्वारीत जी पुणे डिव्हिजन गेली, तीत मराठ्यांच्या पलटणी होत्या. कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शस्त्रे ठेवली, आणि सुमारे तेरा हजार माणसे, बहुतेक हिंदी, कैद झाली. त्या कैद्यांना वाळवंटातून चालवीत रास-अल-ऐन येथे नेऊन बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. आर्मेनियनांचे तांडे जिथे आणून मारले गेले, त्यांपैकी हे रास-अल-ऐन एक मोठे ठिकाण. शिशिर सर्वाधिकारी नावाचे एक बंगाली तरुण रुग्णसेवक त्या कैद्यांत होते. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आर्मेनियनांच्या हालअपेष्टा नोंदलेल्या आहेत. आपल्याकडच्या माणसांनी त्या वाटेवर काय पाहिले असेल ते त्यांच्याबरोबरच गेले. तथापि परक्या सरकारने का होईना, त्यांच्या मरणाचा एक दगड गावात बसविला. शेकडो आर्मेनियन गावांत असा दगड नाही. उलट गावांची नावेच बदलून टाकण्यात आली.

इथे एक कबुली आपणही द्यावयास हवी. १९१९ ते १९२४ या खिलाफत चळवळीच्या काळात आपल्या देशाची सहानुभूती तुर्कांकडे होती. आर्मेनियनांच्या कत्तलीच्या बातम्या येत त्या इंग्रजांच्या तोंडून, आणि जालियनवाला बागेनंतर इंग्रजांच्या तोंडावर कोण विश्वास ठेवणार? पुष्कळांना तो इंग्रजी कांगावा वाटला. तो राग रास्त होता, पण त्या रागात एका निराळ्या दीनांची हाक कानाआड झाली. नाकारणाऱ्याचे काम अशा वेळी फार सोपे होते.

ज्यांचे दुःख खोटे ठरविले जाते त्यांना नुसते रडताही येत नाही. प्रत्येक वेळी आधी पुरावा मांडावा लागतो. आर्मेनियन घरांत तीन पिढ्या हेच चालले. १९३३ साली फ्रान्झ व्हेर्फेल याने मूसा डोंगरावर लढून वाचलेल्या आर्मेनियनांवर कादंबरी लिहिली. हॉलिवूडची एक मोठी कंपनी तिच्यावर बोलपट काढणार होती, तो तुर्की वकिलातीच्या दडपणाने रद्द झाला. साध्या बोलपटाची ही कथा, मग बाकीचे काय! या कोंडीतून वाईटही निपजले, आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. १९७३ साली कॅलिफोर्नियात सत्तरी उलटलेल्या एका आर्मेनियन म्हाताऱ्याने, ज्याचे घरदार १९१५ त गेले होते, दोन तुर्की वकिलांना भेटीला बोलावून गोळ्या घातल्या. त्यानंतर दहाबारा वर्षे आर्मेनियन तरुणांच्या गुप्त टोळ्यांनी तीसहून अधिक तुर्की अधिकारी आणि त्यांचे नातलग मारले. त्या बिचाऱ्यांपैकी बहुतेकांचा १९१५ त जन्मही झालेला नव्हता. याचे समर्थन कोणी करू नये. मी तर करीत नाही. पण न्यायासनाचे दार वर्षानुवर्षे बंद ठेवले की गल्लीत काय होते, तेही पाहिले पाहिजे.

नुकसान फक्त आर्मेनियनांचेच झाले असेही समजू नका. १९१५ साली कोन्याचे सुभेदार जेलाल बे यांनी हद्दपारीचा हुकूम पाळण्यास नकार दिला आणि आपल्या हाती होते तोवर हजारोंना वाचविले. त्यांना पदावरून काढण्यात आले. क्युताह्याचे सुभेदार फाइक अली बे हे कवी. त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या आर्मेनियनांच्या केसाला धक्का लागू दिला नाही. लिजे येथील हुसेन नेसिमी या अधिकाऱ्याला तर नकाराची किंमत प्राणाने द्यावी लागली. कोणत्याही देशाने पाठ्यपुस्तकात अभिमानाने छापावीत अशी ही माणसे. पण कत्तल झालीच नाही म्हटल्यावर यांनी वाचविले कोणाला आणि कशापासून? तेव्हा त्यांनाही विसरणे भाग पडले. उलट २००३ साली तिथल्या शिक्षणखात्याने परिपत्रक काढून या 'आरोपां'चे खंडन करणारे निबंध मुलांकडून लिहवून घ्यावयास शाळांना सांगितले. आर्मेनियन मुलांच्या शाळाही त्यात आल्या. वर्गात बसून आपल्या पणजीला खोटे पाडणारा निबंध लिहावयाचा, आणि शुद्धलेखनाचे गुण निराळे!

ह्रांत दिंक हे इस्तंबूलमधले आर्मेनियन संपादक. १९९६ पासून 'आगोस' नावाचे साप्ताहिक ते तुर्की आणि आर्मेनियन अशा दोन्ही भाषांत काढीत. माणूस समेटाचा, परदेशी आर्मेनियनांनाही ते सांगत की रक्तातला द्वेष काढून टाका. २००४ च्या फेब्रुवारीत त्यांनी एक बातमी छापली. साबिहा गोकचेन ही मुस्तफा केमाल आतातुर्क यांची मानलेली मुलगी, लढाऊ विमान चालविणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. इस्तंबूलच्या एका विमानतळाला तिचे नाव आहे. ती अनाथालयातून आणलेली आर्मेनियन मुलगी होती, असे तिची भाची म्हणविणाऱ्या एका बाईने सांगितले होते. आपल्याला वाटेल, यात अपमान कसला? अनाथ पोर विमान चालविते झाली, दोन्हीकडच्यांनी मिरवावे अशी गोष्ट. पण लष्कराच्या मुख्यालयाने जाहीर निषेध केला. कारण ती अनाथ कशी झाली, हा पुढचा प्रश्न दाराशी येऊन उभा राहत होता. पुढच्या वर्षी दिंक यांना दुसऱ्या एका लेखाबद्दल 'तुर्कत्वाचा अपमान' केल्यावरून सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. नोबेल पारितोषिक मिळविणारे ओरहान पामुक यांच्यावरही त्याच कलमाखाली खटला भरला होता. तो २००६ च्या जानेवारीत काढून घेण्यात आला. दिंक यांना ते भाग्य लाभले नाही. १९ जानेवारी २००७ रोजी आपल्या कचेरीच्या दाराशी एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यांना मागून गोळ्या घातल्या. पदपथावर पालथ्या पडलेल्या त्या देहाचे छायाचित्र जगभर गेले. बुटाच्या तळव्याला भोक पडलेले त्यात दिसते. सतरा वर्षांच्या पोराला १९१५ चे काय ठाऊक? शाळेत आणि गल्लीत जे शिकविले तेवढेच. वहिनी, मारणारे सगळे गेले नव्हते हो.

अंत्ययात्रेला मात्र लाखभर माणसे आली, बहुतेक तुर्क, आणि आपण सगळे आर्मेनियन आहोत असे फलक त्यांच्या हाती होते. खुनाचा बेत आधी कळूनही पोलिसांनी रक्षण केले नाही, असा निर्णय युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१० साली दिला.

दिंक यांच्या कुटुंबाची बाजू न्यायालयात मांडणाऱ्या वकीलबाई फेतिये चेतिन. वाचनवर्गात मी सांगितलेले पुस्तक त्यांचेच. २००४ साली 'माझी आजी' या अर्थाच्या नावाने निघाले. वडील लवकर वारल्यामुळे फेतिये आजीजवळ वाढली. आजीचे नाव सेहेर. नमाज पढणारी, सगळ्या मोहल्ल्यावर दरारा असलेली, चारचौघींसारखी मुसलमान आजी. नात कायदा शिकत होती तेव्हा एके दिवशी आजीने तिला जवळ बसवून सांगितले की माझे नाव सेहेर नव्हे, हेरानुश. माझे आईवडील अमेरिकेत आहेत, त्यांचा शोध कर.

हेरानुश हबाब नावाच्या गावची. १९१५ साली नऊदहा वर्षांची असेल. वडील आधीच पोटासाठी अमेरिकेला गेलेले. गावातले पुरुष नेले गेले आणि बायकामुलांचा तांडा निघाला. वाटेत नदीवर तिच्या आजीने आपल्या दोन नातवंडांना पाण्यात बुडविले आणि मग स्वतः उडी घेतली. हे त्या मुलीने डोळ्यांनी पाहिले. चेर्मिक येथे एका पोलीस जमादाराने तिला आईच्या हातून ओढून नेले. आई तांड्याबरोबर पुढे गेली. जमादाराने हेरानुशला सेहेर केले, मुसलमान केले आणि मुलीसारखे वाढविले. त्याची बायको मात्र तिला मोलकरणीसारखे राबवी. आई वाचली, अलेप्पोला पोहोचली, तिथून अमेरिकेला गेली, आणि तिथे त्यांना आणखी एक मुलगी झाली. समुद्रापलीकडे दोघे म्हातारे आपल्या हेरानुशची वाट पाहत मेले, आणि इकडे हेरानुश सेहेर म्हणून लेकरे नातवंडे वाढवीत राहिली.

आपल्याकडेही लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत होती. ताटात तांदूळ पसरून नवे नाव लिहिले की जुने मागे पडे. माझ्या आजीचेही तसेच झाले. पण तिला माहेर होते. दिवाळीला भाऊ येई, आणि आला की अंगणातूनच जुन्या नावाने हाक मारी. त्या हाकेसरशी आजीचा चेहरा कसा होई ते मी पाहिलेले आहे. सेहेर आजीला साठ वर्षे ती हाक कोणी मारली नाही, आणि आपल्याला माहेर होते असे म्हणण्याचीही सोय नव्हती. तिच्यासारख्या इतर काही बायका आसपास होत्या. वर्षातून एकदा त्या एकमेकींकडे जात आणि वेणीसारखी वळलेली गोड पोळी, जिला ते चोरेक म्हणतात, ती एकमेकींना देत. घरातल्या कोणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तो त्यांचा ईस्टरचा सण होता, हे नातीला फार पुढे उमगले. तोंडाने काही बोलावयाचे नाही, पण सणाचा पदार्थ तेवढा चुकवावयाचा नाही. आम्हां बायकांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आजी २००० साली वारली. मशिदीच्या आवारात, रीतीप्रमाणे, मयताच्या आईबापांचे नाव विचारले गेले. घरच्या बायकांनी जमादाराचे आणि त्याच्या बायकोचे नाव सांगितले. तेव्हा फेतिये ओरडून म्हणाली की हे खोटे आहे. तिच्या आईचे नाव इस्गुही आणि बापाचे होव्हान्नेस. आवारात सगळे गप्प झाले. मग तिने 'आगोस'मध्ये आजीची निधनवार्ता दिली, आणि त्या चार ओळींवरून अमेरिकेतल्या नातलगांचा शोध लागला. आजीची धाकटी बहीण, जिने तिला कधी पाहिले नव्हते, फेतियेला भेटली. दोघी मिळून इस्गुही आणि होव्हान्नेस यांच्या थडग्यावर फुले ठेवून आल्या.

पुस्तक निघाल्यावर अनोळखी लोकांचे फोन आणि पत्रे येऊ लागली: माझी आजीही अशीच होती. अशा नातवंडांच्या मुलाखतींचे दुसरे पुस्तक २००९ साली निघाले. त्यांतल्या बहुतेकांनी आपले खरे नाव छापू दिले नाही. शंभर वर्षे झाली असतील, पण तुर्कस्तानात कितीजण आपल्या आजीचे नाव अजून हळू आवाजात घेतात, याचा तो हिशेब.

२०१४ साली तिथल्या पंतप्रधानांनी प्रथमच आर्मेनियनांच्या नातवंडांना सांत्वनाचा निरोप धाडला, वंशसंहार हा शब्द न वापरता. जर्मनीच्या संसदेने २०१६ साली तो शब्द वापरला आणि त्या वेळचा मित्र म्हणून स्वतःकडेही दोष घेतला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी २०२१ साली वापरला. दोन्ही वेळा तुर्की सरकारने तीव्र निषेध केला. तुर्कस्तान आणि आर्मेनिया यांची सरहद्द काराबाखच्या लढाईवरून १९९३ साली बंद झाली; २०२३ च्या फेब्रुवारीत भूकंपग्रस्त तुर्कांसाठी धान्य आणि औषधे घेऊन आर्मेनियाच्या लॉऱ्या तीस वर्षांनी प्रथमच त्या पुलावरून गेल्या.

हबाब गावाचे सरकारी नाव आता निराळेच आहे. तिथे आर्मेनियनांनी बांधलेली दगडी कारंजी होती. वर्षानुवर्षांच्या दुर्लक्षाने मोडून, मातीने भरून गेलेली. फेतियेबाईंनी आणि दिंक यांच्या नावाच्या संस्थेने तुर्क, कुर्द आणि आर्मेनियन तरुणांना बोलावून ती साफ केली, दगड पुन्हा रचले. २०११ च्या नोव्हेंबरात पाणी सोडले, तेव्हा समारंभाला गावची मंडळीही हजर होती.